सायकलवाल्यांचे प्रश्न : इटलीत सगळं सपाटच आहे, मग अवघड काय?

प्रश्न : दादा, मी आणि हे, दोघंही रिटायर्ड शिक्षक, गुहागरला असतो. मी ५८, हे ६२. गेल्या डिसेंबरात आम्ही सागरी महामार्गाने दापोली ते मालवण सायकलवर गेलो, सात दिवस लागले पण एकही चढ उतरून चाललो नाही. आता सप्टेंबरमध्ये इटलीला पो नदीच्या काठाने जायचं ठरतंय. टूरवाल्याने पेस्किएरा, मांतोवा, फेरारा आणि तिथून समुद्र असं तीन दिवसांत बसवलंय, रोज साधारण ८० किलोमीटर. तो म्हणतो सगळं सपाट आहे, तुम्हाला काहीच वाटणार नाही. आम्हाला गावंही नीट बघायची आहेत. जमेल ना? आणि तयारी काय करू?

उत्तर : ताई, आधी तुमचं दोघांचं मनापासून कौतुक. दापोली ते मालवण एकही चढ न उतरता म्हणजे पायांची काळजी मिटलीच. ८० किलोमीटर तुम्हाला जमतील पण तो प्लॅन मला अजिबात पटलेला नाही, त्याला सरळ सांगा की तीनाचे सात दिवस कर.

पहिलं कारण शरीराचं. आपल्याकडे चढ असतो तसा उतारही असतो. पालशेतच्या उतारावर तुम्ही काय करता आठवून बघा, पाय थांबतात, अंग सीटवरून थोडं उचललं जातं, हात मोकळे होतात, घाम वाळतो. ती विश्रांती आपल्या लक्षातही येत नाही कारण ती फुकट मिळते. पोच्या काठावर ती मिळतच नाही. पॅडल मारायचं थांबलात की सायकल थांबते, आणि चार चार तास एकाच बैठकीत, एकाच गिअरवर, मनगटं एकाच कोनात. मी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलो होतो तेव्हा मांड्यांना काही झालं नाही पण दुसऱ्या दिवशी दुपारी डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं ते रात्रीपर्यंत तसंच. तळहाताच्या कडेची नस हँडलवर सतत दाबली जाते म्हणून होतं ते. त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहायचं, हाताची जागा बदलायची, तासाला एकदा उतरून दहा पावलं चालायचं, दुखत नसलं तरी.

सरावासाठी एखादा खाडीकाठचा सपाट रस्ता शोधा, किंवा चार दिवस अलिबागला जाऊन रेवदंड्यापर्यंत जा-ये करा, तो पट्टा बऱ्यापैकी सपाट आहे. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारं वारं, असताना नको, दुपारी समुद्रावरचं वारं सुटलं की निघा. पोच्या मैदानात आत वारा फारसा नसतो, उलट हवा कोंडल्यासारखी असते, पण समुद्राजवळ आलात की आडवं वारं लागतं आणि बांधावर अडोसा कशाचाच नाही. सावलीही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे आपल्या मे महिन्यासारखा दमट उकाडा असतो आणि हिवाळ्यात दाट धुकं, तेव्हा सप्टेंबर ही तुमची निवड चांगली आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे गावं. पेस्किएरा ते मांतोवा मिंचो नदीच्या काठाने साधारण ४५ किलोमीटर, बहुतेक सगळा रस्ता सायकलींचाच, गाड्यांचा त्रास नाही. गार्दा सरोवरातून मिंचो जिथे बाहेर पडते तिथून निघायचं, मध्ये बोर्गेत्तोला जुन्या पाणचक्क्या आणि १३९३ सालचा पूल बघायचा आणि दुपारच्या आत मांतोवाला पोचायचं. तिथे दोन रात्री राहा. तीन बाजूंनी तळी आहेत, आणि ती तळी देवाने दिलेली नाहीत, बाराव्या शतकात मिंचोला बांध घालून केलेली आहेत. वरच्या तळ्यात कमळं आहेत, १९२१ साली पूर्वेकडून आणून लावली आणि इतकी फोफावली की आता तीच मांतोवाची ओळख झालीय, फुलं मात्र जुलै-ऑगस्टची, तुम्हाला बहुतेक पानंच दिसतील. गोंझागा घराण्याच्या राजवाड्यात मांतेन्या या चित्रकाराने रंगवलेली एक खोली आहे, १४६५ ते १४७४ अशी नऊ वर्षं तो त्यावर काम करत होता. छताच्या मधोमध गोल झरोका रंगवलाय, त्यातून बायका आणि पोरं खाली वाकून आपल्याकडे बघतायत, एक कुंडी तर अशी कडेला टेकवलीय की आत्ता डोक्यात पडेल असं वाटून मी खरंच एक पाऊल सरकलो. रोज ८० किलोमीटरच्या घाईत मांतोवाहून तसेच पुढे निघालात तर यातलं काही दिसणार नाही. बरीच म्युझियम सोमवारी बंद असतात, तेवढं बघून दिवस लावा.

मांतोवा ते फेरारा नव्वदेक किलोमीटर आहे, त्याचे दोन तुकडे करा. वाटेत थोडी वाकडी वाट करून सान बेनेदेत्तो पो बघा, १००७ साली स्थापन झालेला मोठा मठ आहे तिथे.

आणि याच टप्प्यात तुम्ही पोच्या बांधावर चढाल. ताई, खरं सांगतो, मला आख्ख्या प्रवासात सगळ्यात जवळचं वाटलं ते हेच, कारण माझं आजोळ खारपट्ट्यातलं. लहानपणी आजोबांबरोबर खाजणाच्या बांधावरून चालायचो, एका बाजूला भरतीचं पाणी, दुसऱ्या बाजूला आपलं भात, आणि पाण्याची पातळी भातापेक्षा वर. पोचा बांध म्हणजे तेच, पण केवढं मोठं! वरती डांबरी वाट, डाव्या हाताला खाली पॉप्लरची झाडं, आपल्या सुरूच्या बनासारखी ओळीने लावलेली, त्याच्या पलीकडे नदी. उजवीकडे गाव, आणि गावातली कौलं तुमच्या डोळ्यांच्या रेषेत. मी एके ठिकाणी थांबलो तर शेजारच्या घराचं पन्हळ माझ्या गुडघ्याला समांतर, त्यात चिमणीने घरटं केलेलं अगदी आतपर्यंत दिसत होतं. गाळ साठत साठत नदीचा तळ वर आलाय, त्यामुळे पुरात पाणी गावाच्या डोक्यावरून वाहतं आणि मध्ये फक्त हा मातीचा बांध. १९५१ च्या नोव्हेंबरात तो फुटला तेव्हा पोलेझीने नावाचा सगळा मुलूख बुडाला आणि दीड लाखाहून जास्त माणसं बेघर झाली. बांध फुटला की शेत खारं होतं, परत गोडं व्हायला पावसाळे जावे लागतात, हे आपल्याकडच्या ज्याने बघितलंय त्याला त्या वाटेवर सायकल जोरात हाणावीशी वाटणारच नाही.

पुढे समुद्राजवळ जमीन चक्क समुद्राच्या पातळीखाली आहे. आपल्याकडे ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडली की पाणी निघून जातं, तिथे ती सोय नाही, पंप लावून उपसावं लागतं. मोठमोठी विटांची पंपघरं दिसतील कालव्यांच्या कडेला.

फेरारालाही दोन रात्री हव्यात. हे गाव एके काळी पोच्या मुख्य प्रवाहावर होतं, बाराव्या शतकात वरच्या अंगाला बांध फुटून नदी उत्तरेला सरकली, आज ती गावापासून पाचेक किलोमीटर लांब आहे. एस्ते घराण्याचा किल्ला १३८५ साली बांधायला घेतला, खंदकात अजून पाणी आहे. जुन्या तटबंदीची फेरी साधारण नऊ किलोमीटरची, तटावरून आणि खालून झाडीतून सायकल जाते, सकाळी सात वाजता गावातली म्हातारी माणसं तिथे फिरत असतात. त्या दिवशी सामान हॉटेलवर ठेवा आणि एवढीच एक फेरी मारा.

एक सावधगिरी. जुन्या गल्ल्यांमध्ये नदीतले गोटे बसवलेत, नारळाएवढे नाही, आपल्या सुपारीपेक्षा मोठे आणि लिंबापेक्षा थोडे मोठे म्हणा. बऱ्याच गल्ल्यांत मधून दगडी फरशीच्या दोन अरुंद पट्ट्या असतात, पूर्वी बैलगाडी-घोडागाडीच्या चाकांसाठी टाकलेल्या. पहिल्या दिवशी मी गोट्यांवरून दाणदाण जात होतो, तेवढ्यात सत्तरीच्या एक आजी, पुढच्या टोपलीत पाव आणि पालेभाजी, सरळ त्या पट्टीवरून माझ्या शेजारून निघून गेल्या, टोपलीतलं पान हललं नाही. तेव्हा कळलं. पट्टीवरून चालवा, पण पाऊस पडला असेल तर उतरा, ओली फरशी घसरते, आणि पट्टी आणि गोटे यांच्या फटीत बारीक टायर अडकतो.

फेराराहून समुद्र दोन दिवसांत, तिथेही घाई नको. शेवटी कोमाक्किओला जा, कालव्यांवर वसलेलं गाव आहे आणि तिथला वाम मासा प्रसिद्ध. शतकानुशतकं खाजणात सापळे लावून पकडतात आणि व्हिनेगरमध्ये मुरवून ठेवतात. तुम्ही गुहागरच्या, तुम्हाला चवीचं मी काय सांगू.

प्रश्न : आपली रोडबाईक घेऊन जाऊ की तिथे भाड्याने घेऊ? माझी २५ मिमी रुंद टायरची आहे. ट्रेनमध्ये सायकल घेतात का? (वाचक, मालवण)

उत्तर : भाड्याने घे. बांधावर मध्येच खडीचे तुकडे लागतात आणि गावातले गोटे वर सांगितलेच, २५ वर हाल होतील, ३२ ते ३५ चा टायर माग. पण स्वतःची सीट मात्र इथून घेऊन जा, पाव किलोची वस्तू आहे, सोबत एक एलन की. आठवडाभर अनोळखी सीटवर बसण्यापेक्षा तेवढं वजन परवडलं. इथून निघायच्या आधी सीटची उंची, म्हणजे पॅडलचे दांडे ज्याच्याभोवती फिरतात त्या मधल्या नटापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत, मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेव.

ट्रेनचं म्हणशील तर सायकलचं चिन्ह असलेल्या रिजनल गाड्यांत नेता येते, सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. बहुतेक जलद गाड्यांत सुटी करून बॅगेत घातली तरच. पेस्किएरा मिलान-व्हेनिस मार्गावरच आहे त्यामुळे पोचायला त्रास नाही. तिकडे उजवीकडून चालवायचं, चौकात वळताना पहिले दोन दिवस हमखास चूक होते म्हणून तिथे वेग कमी. मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, तू तरीही घाल. अंधार पडल्यावर गावाबाहेर चमकणारं जॅकेट मात्र कायद्याने लागतं. आणि शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, तो काढताना सायकलिंग त्यात धरलंय का हे लेखी विचारून घे.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहू का? (वाचक, अलिबाग)

उत्तर : उपाशी नाही राहणार पण विचारत राहावं लागेल. मांतोवा आणि फेरारा दोन्हीकडे लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मिळतो, गोडसर, वर लोणी आणि सेजची पानं, आपल्या घारग्यांची आठवण येते. पण भरलेल्या पास्त्याच्या कणकेत अंडं असतंच, तेव्हा तुम्ही साधा कोरडा पास्ता मागा, त्यात नसतं. भात खाणाऱ्यांचाच मुलूख आहे, रिसोत्तो मिळेल, फक्त तो मटणाच्या पाण्यात शिजवलाय का विचारा. परमेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, तुम्हाला ते चालत नसेल तर आधीच नको सांगा. फेराराचा पिळाचा पाव दिसायला फार सुंदर पण त्यात डुकराची चरबी असते. जेवण साडेबारा ते अडीच, नंतर किचन बंद होतं ते संध्याकाळी साडेसातपर्यंत, आणि बांधावर मैलोन् मैल टपरीसुद्धा नाही. त्यामुळे शेंगदाण्याचे लाडू, खाकरे आणि लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली प्रत्येकीच्या पिशवीत हवी, बाटलीचं झाकण टेपने गच्च बांधून.