२०१२ची डिझेल इनोव्हा, १ लाख ३० हजार किमी: घ्यावी का?

सर्व्हिसच्या नोंदी असतील तर घ्या, इंजिन दणकट आहे. पण गाडी आधी टॅक्सी होती का, ते आरसी आणि जुन्या विम्याच्या कागदांवरून बघा. क्लच पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर मीटरवरच्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसणार नाही. सकाळी इंजिन थंड असतानाच जा. मालकाला आधी गाडी सुरू करू देऊ नका. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढा, भकाभका धूर आला तर सरळ परत फिरा. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. आणि २०२७मध्ये १५ वर्षं भरतील, म्हणजे फिटनेस, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर. तो खर्च धरूनच भाव करा.