गोव्यातल्या आरोग्य केंद्रात डायबेटिस एज्युकेटरला नेमकं काम काय असतं?

डाएट चार्ट वाटण्यापलीकडे या कामात काही आहे का आणि डायटेटिक्स झाल्यावर इकडे यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डिचोली तालुक्यात हेच काम करते.

चार्टचं सोडा. छापील चार्टवर दोन चपात्या असतात. इथला माणूस सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव आणि दोन्ही वेळा शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी खातो. भात बंद करा म्हटलं की तो मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. म्हणून मी ताटात भात किती, एवढंच विचारते.

माझा बहुतेक वेळ जातो तो लोक घरी काय करतात ते बघण्यात. इन्शुलिन घेणाऱ्याला मी सिरिंज भरून दाखवायला सांगते. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट असतात, तिला लाल टोपणाची सिरिंज. फार्मसीत कोणी नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० युनिटवाली दिली आणि काकांनी सवयीने २० च्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर चढते, सगळे म्हणतात काका चोरून गोड खातात! उलट इन्शुलिन पेनच्या कार्ट्रिजमधलं औषध (त्याच्या एका मिलीत १०० युनिट) लाल सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात. ते जिवावर बेततं.

दुसरी गोष्ट सकाळच्या रांगेची. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून बायका पहिल्या बसने काही न खाता येतात, पण मधुमेहाची गोळी तेवढी गिळून येतात. नंबर लागेपर्यंत घाम, थरथर. साखर ७० च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. त्यामुळे आदल्या भेटीतच बजावते: रक्त दिल्यावर गोळी, गोळीबरोबर खाणं.

पुरुषांना हुर्राक-फेणीबद्दल (काजूच्या दारूबद्दल) बायकोसमोर विचारू नका, खरं उत्तर मिळत नाही. आणि ते लागतंच, कारण न जेवता पिऊन झोपलेल्याची साखर रात्री घसरते. कुळागरात (सुपारीच्या बागेत) अनवाणी फिरणाऱ्यांचे तळवे मात्र जखमांसाठी न विचारताच बघायचे.

काम कमी पडणार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के होतं, गोव्यात २६.४, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. पगाराचं विचाराल तर नोकरी बहुधा कंत्राटी. शिवाय रजिस्टर आणि पोर्टल भरण्यात दुपार जाते, त्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

यायचं असेल तर कोंकणी बोलायचा सराव ठेवा, आणि अर्ज करण्याआधी एखाद्या केंद्रात डॉक्टरांना विचारून ओपीडीची एक सकाळ बसून बघा. चवथीनंतरच्या आठवड्यात गेलात तर उत्तम, तेव्हा नेवऱ्या (करंज्या) खाऊन आलेले सगळे एकदम भेटतात.