झावळ्या कुजत का नाहीत?

प्रश्न : आमच्या परड्यात सहा माड, दोन आंबे आणि एक फणस आहे. गेले वर्षभर झावळ्या, नारळाची सोडणे (काथ्याची साले), आंब्याचा पाला आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा आम्ही एकाच खड्ड्यात टाकत होतो. मे महिन्यात खड्डा उपसला, तेव्हा ओल्या कचऱ्याचे खत झाले होते. झावळ्या मात्र टाकल्या तशाच निघाल्या. विकतचे कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीची पुडी) घालावे, की झावळ्या जाळून टाकाव्यात?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : सरसकट जाळू नका, आणि कल्चर घेण्याची घाईही करू नका. झावळीत आणि सोडणात लिग्निन नावाचा चिवट घटक भरपूर असतो. भाजीपाल्याचा चटकन फडशा पाडणाऱ्या जिवाणूंना तो सहजी पचत नाही. ते काम मुख्यतः बुरशीचे असून तिला ओल, हवा आणि सवड या तिन्ही गोष्टी लागतात. शिवाय कुजण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असावे लागते, आणि सुक्या पाल्यात नत्र त्या मानाने फारच कमी पडते.

म्हणून खरे काम ढीग रचण्याआधीचे आहे. झावळीचा जाड देठ कोयत्याने वेगळा करावा. जाळायचेच असेल तर एवढेच न्हाणीच्या चुलीत जाळावे. उरलेल्या पातींचे बोटभर लांबीचे तुकडे करून ते दोन-तीन आठवडे रोज पाणी शिंपडून मुरू द्यावेत. मग दहा किलो पातींना एक किलो शेण, पाण्यात कालवून, थराथराने द्यावे. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने माडाच्या पानांपासून गांडूळखत करण्यासाठी पाने व शेण यांचे हेच प्रमाण सुचवले आहे. गांडुळे सोडल्यावर तेथे अडीच-तीन महिन्यांत खत तयार होते. गांडुळांविना याहून बराच जास्त काळ धरून चाला. आंब्याचा पालाही चुरून यातच मिसळता येईल. ढिगातील मूठभर माल पिळल्यावर एक-दोन थेंबच पाणी सुटावे. कोकणातील पावसात खड्डा तुंबतो आणि हवा कोंडते, त्यामुळे जमिनीवर चिऱ्यांचे चौकोनी कुंड करून वर आडोसा केलेला बरा.

सोडणांचा नाद मात्र या ढिगात करू नये. माडापासून दोन मीटर अंतरावर चर खणून ती पोकळ बाजू वर ठेवून पुरावीत. पाणी धरून ठेवण्याचा त्यांचा गुण पाच ते सात वर्षे टिकतो.

माड असलेल्या घरी आणखी एक पथ्य पाळावे लागते. माड पोखरणारा गेंड्या भुंगा खताच्या ढिगात अंडी घालतो. ढीग महिन्यातून एकदा वरखाली करताना पांढऱ्या, वाकड्या, जाडजूड अळ्या दिसल्या तर त्या वेचून नष्ट कराव्यात.

आता कल्चरविषयी. खत चाळताना अर्धवट कुजलेले हीर (पातींच्या मधल्या काड्या) आणि तुकडे वर राहतील. ते नव्या ढिगाच्या तळाशी घाला. लिग्निन खाणारी बुरशी त्यांच्यावर आधीच रुजलेली असते, तेव्हा विकतची पुडी आणण्याची गरज सहसा पडत नाही.