फ्लेमप्रूफ बॉक्सला सिलिकॉन लावावं का?

प्रश्न : आमच्या पेट्रोल पंपावर मशीन बदलताना वायरमनने फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्सचे आठपैकी पाचच बोल्ट लावले. केबल ग्लँडमध्ये (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली धातूची पकड) सैल होती, तिथे एम-सील भरलं. एका रिकाम्या भोकाला प्लास्टिकचं बूच बसवलं. आता झाकणाच्या कडेने सिलिकॉन फिरवलं तर वाफ आत जायची थांबेल ना?
— पंप व्यवस्थापक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सिलिकॉन लावू नका. दुरुस्ती होईपर्यंत त्या मशीनचा सप्लाय मेन बोर्डावरूनच बंद ठेवा. फ्लेमप्रूफ बॉक्स हवाबंद नसतोच; वाफ आत शिरणार हे धरूनच तो बनवतात. आत ठिणगी पडून भडका उडाला तर जाड कवच दाब सोसतं आणि झाकणाच्या बारीक फटीतून बाहेर येताना ज्वाला थंड होते. बोल्ट कमी असले की झाकण उचललं जातं, फट वाढते आणि ज्वाला जिवंत बाहेर पडते.

म्हणून आठही बोल्ट मूळ मापाचे व प्रतीचे लावा. झाकणाच्या कडा पॉलिश पेपरने घासू नका, रंगवू नका. पुसून, न सुकणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या. रिकाम्या भोकाला प्रमाणित धातूचाच फ्लेमप्रूफ प्लग, निदान पाच पूर्ण आटे बसतील असा. ग्लँडसाठी केबलचा बाहेरचा आणि आतल्या आवरणाचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्या मापाची डबल कॉम्प्रेशन (आतलं व बाहेरचं अशी दोन्ही आवरणं आवळणारी) फ्लेमप्रूफ ग्लँड घ्या. केबल गोल, आर्मर्ड (आत धातूच्या तारांचं कवच असलेली) हवी. चपटी केबल ग्लँडच्या रबरात घट्ट बसत नाही. हे कवच, म्हणजे आर्मर, ग्लँडच्या शंकूत (कोनमध्ये) नीट पकडलं गेलं पाहिजे, तो अर्थिंगचाही मार्ग आहे. नवीन बॉक्स घेताना नेमप्लेटवर पेसोच्या (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना) मान्यतेचा उल्लेख आणि पेट्रोलसाठी योग्य वायुगट व तापमानवर्ग (निदान आयआयए, टी३) पाहूनच घ्या.

मेगर (वायरचं इन्सुलेशन जास्त व्होल्टेजने तपासणारं यंत्र) लावायचा असेल तर आधी मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं सोडवा आणि टँकर रिकामा होत असताना ते काम काढूच नका.

प्रश्न : इमर्जन्सी बटण दाबल्यावर डिस्प्ले बंद होतो. एवढं पुरे का?

उत्तर : नाही. फेजसोबत न्यूट्रलही तुटायला हवा, आणि सिग्नलच्या तारांमधून दुसऱ्या मशीनकडून उलटा प्रवाह येत नाही ना, हेही तपासून घ्या. मशीन उघडलेली असताना हा धोका सर्वात मोठा.

आणखी एक जागा सहसा कुणी पाहत नाही : केबलचा पाइप सेल्सरूममध्ये उघडतो ते तोंड. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती पाइपातून आणि चरातून सरपटत साध्या स्विचबोर्डापर्यंत पोहोचते. पाइपाचं तोंड सीलिंग कंपाउंडने बंद करा, चर वाळूने पूर्ण भरा. पावसाळ्यात वाळू खचते, तेव्हा दिवाळीआधी झाकण्या उचलून पुन्हा भरून घ्या.