जर्मनीवर शाळेत दहा मिनिटं बोलायचंय. बिअर, सॉसेज आणि हिटलर सोडून काय सांगावं?

तुमची मुलगी नववीत आहे, शाळेच्या उपक्रमात तिच्या गटाच्या वाट्याला जर्मनी आलाय आणि नेटवर शोधलं की बिअर, सॉसेज, चामडी चड्ड्या, महागड्या गाड्या आणि हिटलर एवढंच हाती लागतं. तिथले लोक खरे कसे राहतात ते चूक न करता कसं मांडायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी मूळची साताऱ्याची, अकरा वर्षांपासून श्टुटगार्टला राहते. मागच्या वर्षी माझ्या भाचीला हाच विषय आला होता. आदल्या रात्री साडेअकराला (भारतातल्या) तिने स्लाइड्स मला तपासायला पाठवल्या. पहिल्याच स्लाइडवर होतं, 'जर्मन पुरुष लेडरहोझन घालतात.' मी विचारलं, 'महाराष्ट्रातले पुरुष फेटा बांधतात, असं कुणी लिहिलं तर चालेल का?' म्हणाली, 'बांधतात की! लग्नात.' मग स्वतःच हसायला लागली.

लेडरहोझन नावाची ती चामडी चड्डी आणि बायकांचा डिर्न्डल हा पोशाख मुख्यतः दक्षिणेतल्या बव्हेरिया राज्याकडचा. ऑक्टोबरफेस्ट ही बिअरची जत्रा तिथल्याच म्युनिकची. १८१० साली तिथल्या युवराजाच्या लग्नानिमित्त ती सुरू झाली, आणि नाव ऑक्टोबर असलं तरी हल्ली सप्टेंबरातच सुरू होते. उत्तरेतल्या हॅम्बुर्गच्या माणसाला लेडरहोझनमध्ये दाखवणं म्हणजे नागपूरकराला कोळीनृत्याच्या वेषात उभं करण्यासारखं आहे. देशात सोळा राज्यं आहेत. लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा बरीच कमी, पण चांद्यापासून बांद्यापर्यंत आपल्याकडे जेवढं बदलतं तेवढं तिथेही बदलतं. कार्निव्हलच्या सोमवारी कोलोन शहर रंगीबेरंगी वेषांत रस्त्यावर नाचत असतं, तेव्हा बर्लिनमध्ये लोक मुकाट्याने ऑफिसला गेलेले असतात. नाताळच्या भेटी दक्षिणेत बहुतेक ठिकाणी बाळ येशू आणतो, उत्तरेत पांढऱ्या दाढीचा म्हातारा. दोन्हीकडे त्या २४ डिसेंबरच्या संध्याकाळीच उघडतात, २५ च्या सकाळी नाही.

म्हणून मुलीला सांगा, 'जर्मन लोक' असं वाक्य सुरू झालं की थांबायचं आणि कुठले, कधीचे, ते जोडता येतं का बघायचं. जोडता आलं नाही तर ते वाक्य बहुधा कुठल्या तरी जाहिरातीतून आलेलं असतं.

दुसरं म्हणजे सगळा देश दहा मिनिटांत बसवायच्या भानगडीत पडू नका. एक दिवस घ्या. मी तर रविवार घेईन.

रविवारी तिथे दुकानं बंद असतात. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, सगळं. बेकऱ्या सकाळी थोडे तास उघडतात, स्टेशनवर आणि पेट्रोल पंपावर काही मिळतं, बाकी शुकशुकाट. हे नुसतं वळण नाही, रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचं संरक्षण आहे. १९१९ च्या घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेत जसंच्या तसं उचललं आहे. विश्रांती म्हणजे आवाजसुद्धा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवीन असताना एका रविवारी सकाळी जॅमच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन मी कोपऱ्यावरच्या काचेच्या पेट्यांशी गेले. पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच अशा वेगवेगळ्या पेट्या असतात. मी अगदी शहाण्यासारखी निवडून बाटल्या टाकत होते. खळ्ळ. खळ्ळ. तिसऱ्या बाटलीला वरची खिडकी उघडली आणि चौथ्या बाटलीपर्यंत एक म्हाताऱ्या बाई घरातल्या सपातांवरच खाली आल्या. रागावल्या नाहीत. पेटीवरच्या स्टिकरवर बोट ठेवलं, तिथे फक्त कामाच्या दिवसांच्या वेळा लिहिल्या होत्या. म्हणाल्या, 'आज रविवार आहे.' उरलेल्या बाटल्या घेऊन मी घरी परत.

याच बाईंमुळे मला तिथलं 'तू' आणि 'तुम्ही' कळलं. इंग्रजीत हे समजावणं अवघड, पण मराठी मुलांना एका वाक्यात कळेल. 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. फरक एवढाच, की तिथे परक्या मोठ्या माणसाला काका, मावशी, आजी काही म्हणायचं नाही. फ्राउ (म्हणजे श्रीमती) आणि आडनाव, बस. मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून आजी म्हणत आले, पण तोंडाने सहा वर्षं 'फ्राउ अमुक, तुम्ही' चाललं होतं. मग एके दिवशी कॉफी पिताना त्यांनी स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, 'आता डू म्हण.' हे मोठ्या वयाच्या माणसानेच सुचवायचं असतं. मला तेव्हा 'अहो'वरून 'अगं'वर यायला इतका संकोच झाला, की आठवडाभर मी दोन्ही टाळून वाक्यं करत होते. (गटातल्या दोघींनी हे नाटुकलं म्हणून करून दाखवावं. भाषणापेक्षा वर्गाच्या जास्त लक्षात राहील.)

जेवणाचं सांगताना सॉसेजच्या आधी पाव सांगा. पुष्कळ घरांत अजूनही गरम जेवण दुपारी आणि रात्री 'आबेंडब्रोट', शब्दशः 'संध्याकाळचा पाव'. राय नावाच्या धान्याचा जड, आंबूस पाव, चीज, हॅम, काकडीचं लोणचं. गॅस पेटवायचाच नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा एका जर्मन घरी आम्हाला असं जेवायला बोलावलं होतं. ताट बघून तिने हळूच मला विचारलं, 'घरात कुणी आजारी आहे का गं?' त्या पावसंस्कृतीचं नाव तिथल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहे, तेव्हा चेष्टा जपून.

पण पावाइतकाच डोनर कबाब, म्हणजे पावात भरलेलं तुर्की पद्धतीचं मांस, हाही आजच्या जर्मनीचा आहे. १९६१ मध्ये कामगार आणण्यासाठी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार केला. आलेले लोक 'पाहुणे कामगार' म्हणवले गेले आणि त्यातले पुष्कळ तिथलेच झाले. कोविडची लस काढणाऱ्या बायोएनटेक कंपनीचे संस्थापक उउर शाहीन आणि ओझलेम ट्युरेजी दोघंही तुर्की कुटुंबांतले. आज देशातल्या दर चार माणसांत एकाहून जास्त जण स्वतः किंवा आईवडिलांकडून बाहेरून आलेले आहेत. स्लाइडवर नुसते सोनेरी केसांचे हसरे चेहरे असतील तर चित्र चुकलं. माझ्या मुलाच्या वर्गाचा फोटो बघितला तर कुठला देश ते ओळखता येणार नाही.

वक्तशीरपणाचंही जपून. माणसं वेळ पाळतात, रेल्वे नाही. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२-६३ टक्के वेळेवर पोचल्या, आणि त्यांच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरतच नाहीत. आमच्या श्टुटगार्टच्या फलाटावर लोक जसे यावर विनोद करतात ते ऐकून मला दादरची आठवण येते.

आता हिटलर. टाळू नका, पण सुरुवातही त्याच्यापासून करू नका, आणि 'काही का असेना, शिस्त होती' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य कुणाच्या तोंडी येऊ देऊ नका. नाझी सलामी आणि त्यांचं स्वस्तिकासारखं चिन्ह जाहीरपणे दाखवणं जर्मनीत गुन्हा आहे. नाटुकल्यात गंमत म्हणून हात वर करायचं डोक्यात आलं तर तिथल्या तिथे खोडा. आपलं स्वस्तिक वेगळं आहे आणि ते खूप जुनं आहे, हे वर्गाला जरूर सांगा, फक्त दोन्ही चित्रं शेजारी लावून चर्चा करत बसू नका, दहा मिनिटं त्यातच जातील. त्यापेक्षा 'श्टोलपरश्टाइन' दाखवा. शब्दाचा अर्थ 'ठेच लागेल असा दगड'. गुंटर डेम्निग या कलाकाराने सुरू केलेलं काम आहे. नाझींनी ज्यांना घरातून नेलं किंवा हाकलून दिलं, त्यांच्या राहत्या घरासमोर फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचा पितळी चौकोन बसवतात. वर बहुधा 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं ते. युरोपभर असे एक लाखाहून जास्त बसवले आहेत. मुलाला शाळेत सोडायच्या वाटेवर आम्हाला तीन लागतात, एकाच आडनावाचे. त्यातला सर्वांत लहान दगड कुणाचा, असं त्याने एकदा विचारलं. दगड सगळे सारखेच आहेत, त्याने जन्मसाल वाचलं होतं.

थोडं फुटकळ. 'फोक्सवॅगन' नाही, 'फोल्क्सवागन'. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत, अपशकुन मानतात. गुणांत १ सर्वांत चांगला, ६ सर्वांत वाईट. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात, यावर तिथेही भांडणं आहेत. आणि मुंबई व श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत.

वर्गात दाखवायला वस्तू हवी असेल तर शुलट्यूटे करा. पहिलीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात जवळजवळ त्याच्या छातीपर्यंत येणारा पुठ्ठ्याचा शंकू असतो. आत खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी, वरून क्रेप कागद रिबिनीने बांधलेला. शाळेतून घरी आल्यावरच उघडायचा. बालवाडीतल्या इतर मुलांच्या आयांनी मला गोंद आणि कात्री देऊन तो करायला बसवलं होतं, आणि माझा शंकू एका बाजूला कललेला झाला. पुठ्ठा गोल गुंडाळायच्या आधीच रंगवून घ्या, नंतर जमत नाही. माझ्या मुलाच्या शंकूत तळाशी घरी दूध आटवून केलेले पेढे होते. कंदी पेढ्यांच्या जवळपास गेले होते.