बारा फोटो, चार दिवस

प्रश्न : ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळेने ‘निरोगी सवयी’ या विषयावर फोटो काढून आणायला सांगितलेत. त्याने नेटवरून सफरचंद, गाजर आणि योगासनं करणारा मुलगा छापून घेतला, चिकटवला नि वही मिटली. शाळा, ट्यूशन, मग सोफा आणि मोबाइल, असा त्याचा दिवस. खाली खेळायला जा म्हटलं की भांडण. आता फोटोंसाठी त्याच्या हातात परत मोबाइलच द्यायचा का?
— एक आई, वाघोडिया रोड, बडोदे

उत्तर : द्या, पण मोजून द्या. चार दिवसांत बारा फोटो, नेट बंद. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलमध्ये फार तर छत्तीस फोटो निघायचे, म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी हात थांबायचा. ते थांबणं मुलाला मिळायला हवं.

विषय मात्र बदला. ‘निरोगी सवयी’ म्हटलं की मूल सफरचंदच आणणार, कारण मोठ्यांना काय आवडतं ते त्याला पाठ असतं. त्याला सांगा : तू कुठे पळतोस, कुठे बसून राहतोस, आणि कुठे पळावंसं वाटतं पण पळता येत नाही, ते काढून आण.

मी अनेक वर्षं चित्रकला शिकवली. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतल्या सात मुलांना हेच काम दिलं. एका मुलीने स्वतःच्या स्पोर्ट्स शूजचा तळ काढला होता, अगदी जवळून. खाचा कोऱ्या करकरीत, टाचेपाशी किमतीचं स्टिकर तसंच. मी फक्त विचारलं, “यात काय काय दिसतंय?” ती म्हणाली, “बूट दिवाळीत घेतले. पी.टी.ला घालायचे होते. पण पी.टी.च्या तासाला गणित घेतात.” तिची आई शेजारीच बसली होती. तोवर मुलगी आळशी आहे असंच ती समजत होती.

दुसऱ्या एका मुलाचे चार फोटो पार्किंगचे होते. पूर्वी तिथे स्टंप रोवायचे, आता स्कूटरांची रांग, आणि भिंतीवर ‘बॉल खेळण्यास मनाई’. ते फोटो आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठेवले. बरीच वादावादी झाली, पण संध्याकाळी साडेपाच ते सात एक कोपरा मोकळा राहू लागला.

ही पद्धत काही माझी नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आरोग्य-संशोधक कॅरोलाइन वांग आणि त्यांच्या सहकारी मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. आपलं जगणं त्यांनी स्वतः टिपायचं, त्यावर आपसात बोलायचं, आणि ज्यांच्या हाती निर्णय असतात त्यांच्यापुढे ते ठेवायचं. पुढे याला फोटोव्हॉइस म्हणू लागले. फोटोवर बोलताना प्रश्न साधे असतात : काय दिसतंय? खरं काय चाललंय? आपल्या रोजच्या दिवसाशी याचा काय संबंध? असं का आहे? आपण काय करू शकतो? तुम्ही विचारा आणि गप्प राहा. वेफर्सच्या पाकिटाचा फोटो आला तरी “बघ, मी सांगत नव्हते?” हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते गेलं की पुढच्या वेळी पुन्हा सफरचंद.

फोनमध्ये प्रत्येक फोटोची वेळ नोंदलेली असते. बाराही फोटो वेळेप्रमाणे जमिनीवर मांडा. आमच्याकडच्या एका मुलाच्या तीन फोटोंत पंख्याचं तेच पातं त्याच बाजूने दिसत होतं. पहिला चार वाजून दहा मिनिटांचा, तिसरा पावणेनऊचा. तो स्वतःच म्हणाला, “मी इथून उठलोच नाही.” जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार, म्हणजे श्वास वाढेल अशी, हालचाल सांगते. लंगडी, सायकल, गरबा, सगळं त्यात धरा आणि बेरीज त्यालाच करू द्या.

रविवारी त्याला कमाटी बागेत न्या, दांडिया बाजारात माणिकरावांचा आखाडाही दाखवा. पण सुरुवात घरातूनच होऊ द्या. बागेचे फोटो छान येतात, पण त्यात त्याचा सोमवार सापडत नाही.

एक अट मात्र कडक ठेवा. कुणाच्या पोटाचा, जाडीचा फोटो नाही, स्वतःच्याही नाही. माणूस टिपायचा तर आधी विचारायचं. आणि तुम्हीही ते फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. ते त्याचे आहेत.

प्रश्न : माझ्या नातीला असाच प्रकल्प आहे. तिचे आजोबा रोज सकाळी सुरसागर तलावाला फेरी मारतात, पण फोटो काढू देत नाहीत. नात हिरमुसली आहे.
— एक आजी, रावपुरा, बडोदे

उत्तर : आजोबा नाही म्हणाले, म्हणजे नाही. तिला त्यांच्या काठीचा फोटो काढू द्या. पहाटे दारामागे उभी असताना एक, आणि ते फिरून आल्यावर, टोकाला ओली माती असताना, दुसरा. मग ते दोन्ही फोटो तिने आजोबांनाच दाखवावेत.