प्लॉट आधी आखले की कोर्सचं काय होतं

घरांनी वेढलेले गोल्फ कोर्स सगळे सारखेच का वाटतात, आणि घरं झाडांआड लपवली तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. झाडांनी डोळ्यांना बरं वाटेल, पण खेळाचं नुकसान नकाशावरच होऊन गेलेलं असतं.

कोर्सचा स्वभाव ठरतो राऊटिंगमध्ये, म्हणजे कुठला होल (पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात पडेपर्यंतचा एक टप्पा) कुठून कुठे न्यायचा यात. 1744 च्या, स्कॉटलंडमधल्या लीथच्या नियमांत पुढचा चेंडू आधीच्या होलच्या खळग्यापासून एका क्लबच्या (खेळायच्या काठीच्या) लांबीच्या आत टी करायचा, म्हणजे पहिल्या फटक्यासाठी ठेवायचा, असं होतं. आता तसं कोणी करत नाही, पण ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) संपलं की चार पावलांवर पुढची टी (पहिल्या फटक्याची जागा), ही लय चांगल्या कोर्सने अजून जपलेली असते. बिल्डरचा हिशेब वेगळा. फेअरवेला (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) लागून असलेला प्लॉट महाग विकला जातो, म्हणून त्याला फेअरवेची कड जास्तीत जास्त लांब हवी असते. मग अठरा होल माळेसारखे एकेक सुटे ओवले जातात आणि दोन्ही बाजूंना बंगले येतात. ग्रीनवरून पुढच्या टीवर जायला रस्ता ओलांडा, घरांची एक रांग मागे टाका. चालत खेळणं तिथेच संपतं, कार्ट सक्तीची होते.

जमिनीची वाटणीही तशीच. टेकाडाचा माथा, पाण्याची कड, लांबवर नजर जाईल अशी जागा घरांना जाते. गोल्फला उरतो सखल भाग, जिथे छपरांचं आणि रस्त्यांचं पावसाचं पाणीही येऊन साठतं. सपाट प्रदेशात घरांचे जोते उंच करायला माती लागते, ती काढलेल्या खड्ड्यांचे तलाव होतात. अशा तलावाची जागा खेळाच्या गरजेने ठरलेली नसते, आणि खेळताना ते लगेच कळतं.

एका प्लॉटने काय होतं याचं ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच कोर्सवर आहे. कोर्स 1919 मध्ये सुरू झाला, पण कड्यालगतचा एक तुकडा 1915 मध्येच विकला गेला होता. त्यामुळे पाचवा होल समुद्राकडे पाठ करून आत वळवावा लागला. पुढे कोर्सच्या मालक कंपनीने ती जमीन परत मिळवली, गोल्फपटू आणि कोर्स-रचनाकार जॅक निकलसने नवा पाचवा होल आखला आणि तो 1998 मध्ये खुला झाला. जगातल्या इतक्या नावाजलेल्या कोर्सला एक तुकडा सोडवायला जवळपास 80 वर्षं लागली. जिथे शेकडो प्लॉट शेकडो मालकांकडे गेलेत, तिथे काय सुटणार?

मला सर्वात जास्त सलते ती गेलेली रुंदी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर फेअरवे एकमेकांत मिसळतात, चौदा होल मिळून सात जोडग्रीन वापरतात. डावीकडे मोकळं मैदान घ्या आणि पुढचा फटका अवघड करून घ्या, किंवा उजवीकडे धोका पत्करा आणि ग्रीन उघडं मिळवा. ही निवड म्हणजेच गोल्फ. दोन्ही अंगांना कुंपण आणि आउट ऑफ बाउंड्सचे (खेळाच्या हद्दीचे, पलीकडे चेंडू गेला की दंड) पांढरे खुंट आले की एकच प्रश्न उरतो: चेंडू मधे राहील का? आर्किटेक्टही तिरका, धाडसी होल आखायला कचरतो, कारण चुकलेला फटका कोणाच्या तरी खिडकीत जाणार असतो. मग तक्रारी येतात, टी हलवतात, झाडं लावतात, होल आणखी अरुंद होतो. मॅसॅच्युसेट्समधल्या किंग्स्टनच्या इंडियन पाँड क्लबविरुद्ध ज्युरीने 2021 मध्ये, घरावर सतत चेंडू आदळत असलेल्या एका कुटुंबाला लाखो डॉलरची भरपाई दिली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो निकाल रद्द केला, तरी कुठल्याही क्लबच्या कमिटीला धडकी भरावी असंच ते प्रकरण होतं.

घरं असूनही उत्तम ठरलेले कोर्स आहेत, हे मान्य. अमेरिकेतल्या हिल्टन हेड बेटावरचा हार्बर टाउन कोर्स (1969) सी पाइन्स वसाहतीत आहे आणि बऱ्याच होलना घरं अगदी जवळ आहेत. त्याचा आर्किटेक्ट पीट डाय याने तिथे अरुंदपणालाच कोड्याचं रूप दिलं: ग्रीन लहान, फांद्या फेअरवेवर झुकलेल्या, त्यामुळे चेंडू फेअरवेच्या नेमक्या कोणत्या बाजूला ठेवला याला किंमत. पण असं जमवायला डायसारखा माणूस लागतो, आणि त्याचं ऐकणारा विकासकही. उलट अमेरिकेतल्याच सँड हिल्स (1995) किंवा बँडन ड्यून्स (1999) या कोर्सवर होल फक्त वाळूच्या उंचसखलपणावर बसवलेत, आणि तो मोकळेपणा प्रत्येक फटक्यात जाणवतो.

तुमच्याकडे प्रकल्प अजून कागदावर असेल, तर झाडांवर वेळ घालवू नका. सगळे होल एका सलग पट्ट्यात आणि घरं फक्त बाहेरच्या कडेला, एवढीच एक मागणी धरून ठेवा. फेअरवेला लागणारे प्लॉट कमी होतील म्हणून बिल्डर कुरकुरेल. नकाशा मागवा, प्रत्येक ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत रेघ ओढा आणि किती रेघा रस्ता ओलांडतात ते मोजा. हे प्लॉटची विक्री सुरू होण्याआधी करा, कारण नंतर बंकर (वाळूचे खड्डे) बदलता येतात, ग्रीन नवी करता येतात, पण दोन कुंपणांमधलं अंतर वाढवता येत नाही.